सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? मग प्रेस शॉप इतक्यात सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वय चोवीस, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग दाबून बनवतात तिथे) अडीच वर्षं लाइन सुपरवायझर. मागच्या महिन्यात शेजारच्या लाइनवर एका मुलाची दोन बोटं गेली आणि तेव्हापासून सेफ्टीतच काम करायचं मनात आहे. एक क्लासवाला सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर करून देतो म्हणतोय. मामा म्हणतात नेबॉश (सेफ्टीचं ब्रिटिश प्रमाणपत्र) कर आणि दुबईला जा. आई म्हणते, अपघात झाला की पोलीस आधी सेफ्टीवाल्यालाच नेतात. तर नोकरी आत्ता सोडावी का?

सोडू नका. निदान अजून अडीच वर्षं तरी नाही. आधी कायद्याचं सांगतो, कारण क्लासवाले नेमकं तेच सांगत नाहीत.

महाराष्ट्रात कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांनी ठरत आली आहे. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षकाच्या हुद्द्यावर किमान दोन वर्षं, डिप्लोमा असेल तर पाच वर्षं, फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची बीएस्सी असेल तरी पाच वर्षं. त्यावर राज्य सरकारनं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका. आणि तिसरी एक अट, जी वाचून लोक पुढे जातात: कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. म्हणजे तुमची अडीच वर्षं जमा आहेत आणि अडीच बाकी आहेत. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानं ती भरून निघत नाहीत. अशा प्रमाणपत्रावर ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागता येतं, शटडाऊनच्या कामावर फायर वॉचला (आग लागत नाही ना हे बघायला) उभं राहता येतं. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण वैधानिक सुरक्षा अधिकारी म्हणून त्यावर नेमणूक होत नाही. बरीच मुलं पन्नास-साठ हजार रुपये भरून बसल्यावर हे कळून रडकुंडीला आलेली मी बघितली आहेत.

अलीकडे कायदा बदललाय, तेही लक्षात ठेवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती मुख्यतः हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात हा आकडा साध्या कारखान्यासाठी ५०० वर आला आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी आणि बांधकामासाठी २५०, तर खाणीसाठी १००. याचा अर्थ मधल्या आकाराच्या कितीतरी कारखान्यांना आता माणूस लागणार. तुमच्यासाठी ही चांगली वेळ आहे. सेफ्टीच्या डिप्लोमाला प्रवेश घेण्याआधी मात्र पुण्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात स्वतः जाऊन पात्रतेचा त्या दिवशीचा नियम आणि त्या संस्थेची मान्यता, दोन्ही विचारून घ्या. क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका.

डिप्लोमा कुठून करावा? जमलं तर मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून. मी तिथूनच केला. वर्षभर पगार नसतो, मुंबईत राहायचा खर्च अंगावर येतो, घरच्यांना पटवावं लागतं. पण तिथल्या प्रयोगशाळांत आवाज, धूळ, उष्णता प्रत्यक्ष मोजायला शिकवतात आणि वर्गात शेजारी रिफायनरीचा, कापड गिरणीचा, खताच्या कारखान्याचा माणूस बसलेला असतो. अर्धं शिक्षण त्या शेजाऱ्यांकडून होतं. ते परवडणार नसेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा एका वर्षाचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा आहे, तो मान्यताप्राप्त संस्थांमधून चालतो. दोन्हीपैकी कुठलाही चालेल.

आता ही अडीच वर्षं नुसती दिवस मोजत घालवायची नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी माझी एक चूक सांगतो.

मी केमिस्ट्रीत बीएस्सी. कोकणातल्या केमिकल पट्ट्यातल्या एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. एका सेकंड शिफ्टला रिअ‍ॅक्टर (रसायनांची प्रक्रिया होते ते मोठं बंद भांडं) साफ करायचा होता. बॅच सॉल्व्हंटची, त्यामुळे आत नायट्रोजन सोडलेला. आत उतरायच्या परमिटवर एक ओळ होती: नायट्रोजन लाइन तोडून ब्लाइंड (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) टाकला आहे का? मी दोन मजले वर चढून बघितलं नाही. फिटर म्हणाला, व्हॉल्व्ह बंद केलाय साहेब, आणि मी खालीच टेबलावर बसून त्या ओळीसमोर टिक केली. व्हॉल्व्ह बंदच होता, पण पास होत होता, म्हणजे बंद असूनही त्यातून नायट्रोजन आत झिरपत होता. आत अजून कुणी उतरलं नव्हतं. मॅनहोलशी एक हेल्पर होता, एकोणीस-वीस वर्षांचा. गॅस्केटचा तुकडा आत पडलेला दिसला म्हणून तो फक्त वाकला. डोकं आणि खांदे आत. तेवढ्यानंच तो ढिला पडला, ओरडलासुद्धा नाही. शेजारच्या फिटरनं त्याचा पट्टा धरून मागे ओढलं म्हणून तो वाचला. नंतर मॅनहोलमधून मीटरची नळी सोडली तेव्हा ऑक्सिजन सहा टक्क्यांच्या आसपास दिसला. साध्या हवेत तो जवळजवळ २१ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली माणसाला आत सोडायचं नसतं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, त्यानं घसा चरचरत नाही. हवा संपत आलीय हे शरीराला कळायच्या आत माणूस कोसळतो.

त्या रात्री मी तो परमिट बुकातला कागद पुन्हा पुन्हा काढून बघत होतो. टिक माझी, सही माझी. पुढच्या वर्षी मी सायनला प्रवेश घेतला. त्याला आता चोवीस वर्षं झाली.

म्हणून सांगतो, सेफ्टीतला माणूस कागद नीट भरतो यावर त्याची किंमत ठरत नाही. कागदावर लिहिलेलं आणि जाग्यावर असलेलं यांत कुठे फट पडते हे त्याला दिसलं पाहिजे. ती फट वर्गात दिसत नाही. ज्यानं टार्गेटच्या मागे स्वतः धावाधाव केली आहे, ज्यानं कधीतरी स्वतः न बघता सही ठोकली आहे, त्याला ती दिसते. तुम्ही आत्ता नेमके त्या जागी उभे आहात.

तुमच्या प्रेस शॉपचंच घ्या. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं का असतात? रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली येताना दोन्ही हात बटणांवर, म्हणजे डायपासून (पीसला आकार देणाऱ्या साच्यापासून) लांब असावेत म्हणून. आणि शॉपमध्ये प्रत्यक्षात काय दिसतं? एक बटण लाकडाच्या पाचरीनं दाबून ठेवलेलं किंवा चिकटपट्टीनं गुंडाळलेलं, आणि ऑपरेटर एका हातानं पीस सरकवतोय, दुसऱ्या हातानं स्ट्रोक मारतोय. अपघात झाला की चौकशीच्या कागदावर कारण येतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ते वाचलं की अजूनही माझं डोकं तापतं.

काही वर्षांपूर्वी एका ऑटो पार्टच्या कारखान्यात मला अशीच पाचर सापडली. मी ती काढून खिशात टाकली, ऑपरेटरला झापलं, सुपरवायझरला मेमो दिला. दोन दिवसांनी बघतो तर नवी पाचर, आणि या वेळी रंग लावलेली, म्हणजे लांबून दिसू नये. तेव्हा मी स्टूल घेऊन त्या ऑपरेटरच्या बाजूला दोन तास बसलो. पीस लहान होता, डायमध्ये नीट बसायचा नाही, थोडा तिरका व्हायचा. तो सरळ करायला एक हात तिथे लागायचाच. ठेकेदार पैसे नगावर द्यायचा. दोन्ही बटणं दाबून काम केलं तर दिवसाचे नग भरायचे नाहीत आणि संध्याकाळी पैसे कापले जायचे. पाचर त्यानं हौसेनं लावली नव्हती.

मग टूल रूमच्या माणसाला तिथे आणून दाखवलं. त्यानं डायला लोकेटिंग पिन आणि पीस आत सरकवायला एक साधी ट्रे करून दिली. पीस आपोआप जागेवर बसायला लागला, हात डायजवळ न्यायचं कामच उरलं नाही. नगांचा हिशेब बदलायला मात्र मला एचआरशी आणि ठेकेदाराशी तीन महिने भांडावं लागलं. ते झालं तेव्हा पाचर गेली आणि परत आली नाही.

हे तुम्हाला का सांगतोय? भोपाळच्या वायुगळतीच्या चौकशांमध्ये जे पुढे आलं, त्याची जातकुळी हीच आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशनची यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची पाइपलाइन सुटी केलेली होती. संरक्षण बसवलेलं होतं, पण कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी कारणासाठी ते बाजूला केलं होतं. त्यातूनच १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण आलं. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर तो वर कळवण्याचा कामगाराचा हक्क कलम ४१एच मध्ये आला. तुमच्या लाइनवरची पाचर आणि ती सुटी केलेली पाइप यांत फरक आकाराचा आहे. कुणीतरी संरक्षण का बाजूला केलं, याचं खरं उत्तर शोधून ते कारण मिटवणं, हा या पेशाचा गाभा आहे. बाकी हेल्मेट, बॅनर, चार मार्चची राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ हे सगळं त्याच्या नंतर येतं.

तर या अडीच वर्षांत काय करायचं? एक वही घाला. रोज एक गोष्ट लिहा जी होता होता राहिली: घसरलेला पाय, सुटलेली स्लिंग, रिव्हर्स घेताना माणसाला घासून गेलेली फोर्कलिफ्ट. त्याच्यापुढे कारण लिहा, आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरायचा नाही असा नियम स्वतःला घाला. मग बघा किती डोकं चालवावं लागतं. मेंटेनन्सवाल्यांशी दोस्ती करा. तुमच्या प्रेसचा क्लच कसा धरतो, ब्रेक कसा घसरतो, एकदा बटण दाबल्यावर रॅम दुसऱ्यांदा आपोआप खाली कसा येतो, हे फिटरकडून शिका. मशीन उघडतात त्या रविवारी जा, मेन स्विचला कुलूप कोण लावतं आणि किल्ली कुणाच्या खिशात असते ते बघा. किल्ली जर स्विचलाच लटकलेली असेल तर त्या कुलपाचा उपयोग शून्य. क्रेन, वेल्डिंग, इलेक्ट्रिक पॅनल, उंचीवरचं काम, यांतलं निदान वरवरचं तरी हाताखालून गेलं पाहिजे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कंपनीत झालं की नाव द्या.

वाचायला १९४८ चा मूळ कायदा आणि १९६३ चे महाराष्ट्र कारखाने नियम घ्या, गाइडं नकोत. संहिता आली तरी जुन्या कायद्यातली ही कलमं वाचलीच पाहिजेत, कारण प्रत्येकामागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे. कलम ३६ए बघा: बंदिस्त जागेत हातातला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. एवढी छोटी ओळ, पण घामानं भिजलेला माणूस लोखंडी टाकीत बसून साध्या २३० व्होल्टच्या दिव्यानं काम करताना तुम्ही एकदा बघितला की ती ओळ जन्मभर विसरत नाही.

भाषेची अट आता वेगळ्या अर्थानं घ्यावी लागते. मी सुरुवात केली तेव्हा रिअ‍ॅक्टरवरचे सगळे हेल्पर आसपासच्या गावांतले, मराठीत बोलणारे. आज चाकण-रांजणगावात लाइनवर बिहारचा, ओडिशाचा, मराठवाड्याचा पोरगा एकाच पाळीत उभा असतो. टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीचं सेफ्टीचं छोटं बोलणं) मराठीत घेतला आणि सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे समजलं असं नाही. हिंदी नीट बोलता आली पाहिजे, आणि बोलून झाल्यावर एकाला विचारायचं, 'अब तुम बताओ, मैंने क्या कहा?' गप्प राहिला तर पुन्हा सांगायचं. त्याला सगळ्यांसमोर लाज वाटेल असं मात्र करायचं नाही.

मामांच्या नेबॉशबद्दल. आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण प्रमाणपत्र हे ब्रिटिश संस्थेचं आहे, अभ्यासक्रम चांगला आहे आणि आखातात त्याला मान आहे. आपल्या कोकणातून, पुण्यातून गेलेली कितीतरी मुलं त्याच्यावर तिथे नोकऱ्या करताहेत. त्यात आपल्याच कामाच्या जागेचं जोखमीचं मूल्यांकन लिहून द्यावं लागतं. ज्याला जागा माहीत आहे त्याचं ते उत्तम होतं, ज्याला नाही तो नेटवरून उतरवतो. पण इथल्या नियमातला डिप्लोमा तो नव्हे. उद्या घरच्या कारणानं परत यावं लागलं तर इथे त्या प्रमाणपत्रावर सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक मिळणार नाही. माझा सल्ला, इथला डिप्लोमा आधी, नेबॉश नंतर, आणि दुबई त्याच्यानंतर. मामांना वाईट वाटेल, पण त्यांना हा क्रम समजावून सांगा.

पगाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक बोलतो. सुरुवातीला उत्पादनातल्या तुमच्या बरोबरीच्या मित्रांपेक्षा कमीच मिळेल, आणि ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असाल तर खूपच कमी. त्यामुळे पहिली नोकरी घेताना रकमेच्या आधी दोन गोष्टी विचारा. मी कुणाच्या हाताखाली काम करणार? १९८२ च्या नियमांत सुरक्षा अधिकाऱ्यानं थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं असं आहे. जिथे तुम्हाला प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली बसवतात, तिथे ज्याचं काम थांबवायचं त्याचीच परवानगी मागावी लागते. आणि दुसरं, मागच्या वर्षी निअर मिस (होता होता राहिलेले अपघात) किती नोंदले गेले? उत्तर 'एकही नाही' असं अभिमानानं आलं, तर समजा की तिथे लोक सांगायला घाबरतात. कँटीन, बाग, बस आणि पाहुण्यांची सोय हीसुद्धा तुमच्याकडेच असेल असं सांगितलं तर नम्रपणे उठून या. सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच्या कामाच्या आड येणारी दुसरी कामं देऊ नयेत, हेही नियमातच लिहिलंय.

आता आईच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. जुन्या कारखाने अधिनियमाखाली मुख्य जबाबदारी भोगवटादाराची (कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे असतो त्याची) आणि व्यवस्थापकाची होती. कलम ९२ मध्ये शिक्षा सांगितली होती ती त्यांना. सुरक्षा अधिकाऱ्याचं काम सल्ला द्यायचं आहे. पण माणूस गेला की पोलिसात निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा दाखल होतो आणि त्यात कधी कधी सेफ्टीवाल्याचं नावही येतं. मला दोनदा जबाब द्यायला जावं लागलं आहे. दोन्ही वेळा माझ्याजवळ काय होतं तर तारखेनिशी लिहिलेली पत्रं: अमुक ठिकाणी गार्ड नाही, अमुक दिवशी कळवलं, अमुक दिवशी पुन्हा कळवलं, त्या दिवशी काम थांबवलं. तोंडी सांगितलेलं तिथे कामाला येत नाही. आईला हेही सांगा की ज्यानं प्रत्यक्ष बघून, लिहून, वेळेवर काम थांबवलं आहे त्याच्या बाजूनं कागद बोलतो. आणि ज्यानं टेबलावर बसून टिका मारल्या त्याच्या विरुद्धही कागदच बोलतो. माझ्या त्या परमिटवर त्या दिवशी मुलगा गेला असता तर माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं.

ज्या मुलाची बोटं गेली त्याला दवाखान्यात भेटून आलात का? नसाल तर या रविवारी जा. त्याचा ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) अपघात अहवाल भरला गेलाय का ते बघा. ठेकेदाराचा कामगार असला की बऱ्याचदा तो भरलाच जात नाही, किंवा अपघात 'बाहेर झाला' असं दाखवतात. मग पुढे अपंगत्वाची भरपाई मिळवताना त्या पोराचे हाल होतात. अहवाल नसेल तर तुमच्या एचआरकडे लेखी विचारा. आणि तो बोलायच्या मनःस्थितीत असेल तर त्याच्याकडूनच ऐका की त्या स्ट्रोकला नेमकं काय झालं. मध्ये बोलू नका, फक्त ऐका. घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा.